पदवीधर विपुल, उपस्थाता दुर्लभ

आयुर्वेद व्यवसायात आज एक विचित्र विसंगती आढळते. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले अनेक बी.ए.एम.एस. पदवीधर अ‍ॅलोपॅथिक रुग्णालयांत तुटपुंज्या वेतनावर रात्रपाळी करतात. त्याच वेळी औषधनिर्माते व पंचकर्म-केंद्रचालक 'माणूस मिळत नाही' अशी तक्रार करतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्या कौशल्याची मागणी आहे, ते पदवीबरोबर आपोआप येत नाही.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले: भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी. आपण पहिल्या पादाची संख्या वाढवीत राहिलो. द्रव्य आणि उपस्थाता यांच्याकडे दुर्लक्ष झाले.

अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळली जाते, हे सर्वश्रुत आहे. भरड झाल्यावर ती नजरेने ओळखणे दुरापास्त. म्हणून साल अख्खी असतानाच पारखणारा मनुष्य गोदामाच्या दारात हवा. अनुसूची 'टी' गुणनियंत्रणासाठी आयुर्वेदतज्ज्ञ, रसायनशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ यांची अपेक्षा करते. नेमणूकपत्राने पद भरते, पारख मात्र हाताळणीतूनच येते.

स्नेहपाकाचेही तसेच. तैल सिद्ध होताना फेस उठतो, घृत सिद्ध होताना शमतो. कल्काची बोटांत वात वळते व ती अग्नीवर धरली असता तडतडत नाही. ही लक्षणे उत्तरपत्रिकेत सर्वांना लिहिता येतात. कढईपाशी उभे राहून नेमक्या क्षणी अग्नी काढणारा विरळा, आणि तो क्षण हुकला की संपूर्ण घाणा वाया जातो.

उपस्थात्याच्या अंगी उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शौच हे गुण अपेक्षित आहेत. वमनाचे वेग मोजणारा, उपद्रवाची चाहूल लागताच वैद्यास हाक देणारा सहायक घडविण्यास अवधी लागतो. हात बसला की तो अधिक पगारावर स्पामध्ये निघून जातो, कारण आपण त्याला मालिशवाला समजून वेतन देतो.

उपाय आपल्या आवाक्यातले आहेत. प्रत्येक फार्मसीने दरवर्षी एक-दोन पदवीधरांना विद्यावेतनावर द्रव्यपरीक्षण व पाककर्म शिकवावे. शिकाऊ उमेदवारीची कायदेशीर चौकट १९६१ पासून उपलब्ध आहे. केंद्रचालकांनी सहायकांसाठी कामांची लेखी यादी व अनुभवानुसार वेतनश्रेणी ठरवावी. संघटनेच्या जिल्हा शाखांनी त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी.

अनुभवी पाकतज्ज्ञ वृद्ध होत आहेत. त्यांच्या शेजारी आजच एक शिकाऊ उभा केला नाही, तर उद्या निदान अचूक असेल, परंतु रुग्णाच्या हाती पडणारे औषध संशयास्पद राहील.