वैद्यकीय संशोधनातील रुग्णसहभाग

रोगनिदान व उपचार यांविषयीच्या संशोधनाचा विषय ठरविणे, पद्धती आखणे, ते पार पाडणे आणि निष्कर्ष उपयोगात आणणे यांत रुग्णांनी वा संभाव्य रुग्णसमूहाने घेतलेला भाग. औषधाच्या चाचणीस संमती देणे म्हणजे असा सहभाग नव्हे. संमतीने रुग्णाच्या शरीराचे व हक्कांचे रक्षण होते; न्यूरेंबर्ग संहिता (१९४७) व हेलसिंकी घोषणा (१९६४) यांचा मुख्य भर त्यावरच होता. प्रश्न मात्र संशोधकच निवडतो आणि जे दुखणे त्याच्या कानांवर येत नाही, ते अभ्यासाबाहेर राहते.

याचा ठळक प्रत्यय गडचिरोली जिल्ह्यात आला. अभय बंग व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या (लॅन्सेट, १९८९). प्रसूती व कुटुंबनियोजन यांपलीकडे स्त्रीच्या दुखण्याची विचारपूसच होत नव्हती.

तेथील बालकांच्या फुप्फुसशोथावरील (न्यूमोनियावरील) कामात निरक्षर दायांना बालकाचे श्वास मोजणे अवघड जाई. म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. साधन वापरणाऱ्याच्या अडचणीतून घडले, हे येथे महत्त्वाचे. पुढे ३९ गावांत, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बालकांची शुश्रूषा केली. १९९५ ते १९९८ या काळात तेथील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. २०११ मध्ये ही पद्धती ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारण्यात आली. तथापि या अभ्यासांतील ग्रामस्थांना सहसंशोधक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आराखडा व विश्लेषण डॉक्टरांचेच होते.

त्यापुढची पायरी ब्रिटनमध्ये दिसते. तेथील ‘जेम्स लिंड अलायन्स’ (स्थापना २००४) या उपक्रमात रुग्ण, त्यांची देखभाल करणारे आप्त व डॉक्टर एकत्र बसून अनुत्तरित प्रश्नांचा प्राधान्यक्रम ठरवितात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समाजाशी विचारविनिमयास स्थान आहे. औषधचाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. पण समितीपुढे प्रस्ताव येतो तो प्रश्न ठरल्यानंतर. ठाणे महानगरपालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या अध्यापन रुग्णालयांच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. शहरातला रुग्ण खेड्यातल्याप्रमाणे एका समूहात सापडत नाही आणि हातावर पोट असलेल्यास विचारविनिमयाच्या बैठकीसाठी रोज बुडविणे परवडत नाही. संशोधनात भाग घेणाऱ्यांना प्रवासखर्च व बुडालेल्या रोजाची भरपाई देण्यास उपर्युक्त मार्गदर्शक तत्त्वांची मुभा आहे. विषय निवडण्याच्या बैठकींसाठीही तीच सोय करणे आवश्यक ठरते.