आमच्या पेटीतल्या हुंड्या

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. आई म्हणाली, "ही रद्दी बंबात घालूया." आजोबा धावतच आले. "अगं थांब, त्यात माझ्या आजोबांच्या हुंड्या आहेत!"

मला वाटलं, हुंडा घेतल्याचे कागद. आजोबा खूप हसले.

त्यांच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं. माल मुंबईहून उधारीवर येई. मुंबईचा व्यापारी एका कागदावर लिही, ६१ दिवसांनी हा कागद आणणाराला इतके रुपये द्या. ही झाली मुदती हुंडी. दाखवताच पैसे मिळतात ती दर्शनी हुंडी. गंमत अशी की मुंबईचा व्यापारी ६१ दिवस थांबत नसे. तो हुंडी दुसऱ्याला विकी आणि मागे तसं लिहून देई. दुसरा तिसऱ्याला विकी. शेवटी ज्याच्या हातात असेल तो आमच्या दुकानात येई. पैसे दिले की हुंडी आमच्याकडे राही. अशा हुंडीला खोखा म्हणतात. (खो-खो नव्हे!)

मुदती हुंडी सरकारी छापाच्या कागदावर लिहावी लागे. आमच्या छापात दाढीवाला राजा आहे, पंचम जॉर्ज. तो १९१० ते १९३६ राजा होता.

पेटीत इंपीरियल बँकेचा एक कोरा चेकपण सापडला. ही बँक १९२१ साली निघाली. १९५५ साली तिची स्टेट बँक झाली.

हुंड्या एकूण पाच. मी सर्वांत चांगली हुंडी डिंक लावून वहीत चिकटवली. मग मोडी वाचणारे एक म्हातारे गुरुजी घरी आले. त्यांनी वाचलं, "रुपये २००, निमे रुपये १००, त्याचे दुप्पट." कुणी आकडा बदलू नये म्हणून निम्मी रक्कमही लिहीत. मग ते म्हणाले, "आता उलटी कर. कुणाकुणाच्या हातून आली ते मागे असतं."

मी गप्पच. पाणी लावून सोडवायला गेलो तर शाई पसरली. आजोबा रागावले नाहीत, पण जेवताना काही बोललेही नाहीत.

उरलेल्या चार हुंड्या कोऱ्या कागदात सपाट ठेवल्यात. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, घडी नाही. नंबर पेन्सिलीने, तोही बाहेरच्या कागदावर. पालकांनो, तुमच्याकडे अशी पेटी असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हाला दाखवा.

आजोबा अजून कधीकधी ती वही खिडकीच्या उजेडात धरतात. मागचं काही दिसत नाही.

— इयत्ता चौथी