पहिल्या पगारातून एवढा कर का कापला? ब्रिटनमधील 'इमर्जन्सी टॅक्स कोड' आणि परतावा

वडोदऱ्याच्या मराठी घरांतून, मग ते दांडिया बाजारातले असो की कारेलीबागेतले, ब्रिटनला शिकायला किंवा नोकरीला गेलेले कोणी ना कोणी आता ओळखीचे निघतेच. मंडळात आम्ही बँकेतून निवृत्त झालेले काही सभासद आहोत. शैक्षणिक कर्ज, परकीय चलन, पॅन असे प्रश्न आमच्याकडे येतात. गेल्या काही वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. मुलाचा पहिला पगार हातात पडतो, ठरलेल्या रकमेपेक्षा तो बराच कमी असतो, आणि घरचे घाबरून विचारतात, "कंपनी फसवत तर नाही ना?"

बहुतेक वेळा कंपनी फसवत नसते. पगाराच्या संगणकाला नव्या माणसाची पुरेशी माहिती मिळालेली नसते, म्हणून तो तात्पुरता कर-संकेत लावून मोकळा होतो. त्यालाच तिथे इमर्जन्सी टॅक्स कोड म्हणतात. केवायसी अपुरे असले की बँक खात्यावर काही बंधने घालते, तसाच हा प्रकार. हा दंड नव्हे आणि जास्त कापलेला पैसा परतही मिळतो. पण दर महिन्याला दोनशे-तीनशे पौंड कमी येणे ही लहान गोष्ट नाही. तिथे खोलीचे भाडे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते आणि इथे कर्जाचा हप्ता सुरू व्हायचा असतो. म्हणून पैसा परत कसा येतो, आणि मुळात तो जादा कापला जाऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी काय करायचे, हे माहीत असलेले बरे.

तिथली पद्धत पे ॲज यू अर्न, म्हणजे 'पीएवायई', या नावाने ओळखली जाते. ती १९४४ पासून चालू आहे. मालक पगारातूनच कर कापून तिथल्या कर खात्याकडे भरतो. या खात्याला सगळे एचएमआरसी म्हणतात. आपल्याकडचा टीडीएस असाच असला तरी एक मोठा फरक आहे. आपल्याकडे जादा कापलेला कर रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही. तिथे साध्या पगारदाराला बहुधा रिटर्न भरावेच लागत नाही, कारण हिशेब वर्षभर पगारातच जुळत जावा अशी रचना आहे. ती रचना टॅक्स कोडवर चालते.

त्यांचे कर-वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असे असते. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही. ही मर्यादा २०२१-२२ पासून तेवढीच आहे. त्यापुढच्या ३७,७०० पौंडांवर २० टक्के. नेहमीचा कोड १२५७एल. त्यातल्या आकड्यावर एक शून्य चढवले की करमुक्त रक्कम मिळते. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्याच्या कोडच्या आधी एस लागतो, वेल्समध्ये सी. स्कॉटलंडचे दर वेगळे आहेत, तेव्हा ग्लासगो किंवा डंडीला असलेल्यांनी पुढचे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

आता मुख्य गोष्ट. साधा १२५७एल हा कोड साठत जाणारा आहे. १२,५७० चे बारा भाग केले की महिन्याला सुमारे १,०४७ पौंड करमुक्त होतात. एखाद्याने एप्रिल ते सप्टेंबर काहीच कमावले नसेल, तर त्या सहा महिन्यांचे भाग वाया जात नाहीत, ते साठून राहतात. ऑक्टोबरात पहिला पगार झाला की सात भाग एकदम वापरता येतात. मात्र त्याच कोडपुढे एम१, डब्ल्यू१ किंवा एक्स लागला, की संगणक मागचे काही बघत नाही. एम१ म्हणजे प्रत्येक महिना जणू वर्षाचा पहिलाच महिना, डब्ल्यू१ म्हणजे प्रत्येक आठवडा पहिलाच. साठलेली सवलत दिसतच नाही. इमर्जन्सी कोड म्हणतात तो हाच.

एक उदाहरण घेऊ. मास्टर्स संपवून मुलगी ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये महिना २,५०० पौंडांच्या नोकरीला लागली. एप्रिलपासून ती नुसती शिकत होती, पगार असा कुठलाच नव्हता. ऑक्टोबर ते मार्च असे सहा पगार, म्हणजे वर्षाचे १५,००० पौंड. त्यातून १२,५७० वजा केले की उरतात २,४३०. त्यावर २० टक्क्यांनी वर्षाचा खरा कर ४८६ पौंड. साधा कोड असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी एक पेनीही कापली जाणार नाही, कर फेब्रुवारीपासून सुरू होईल. एम१ लागला तर पहिल्या महिन्यापासून दरमहा सुमारे २९० पौंड जातील, सहा महिन्यांत १,७४३. म्हणजे १,२५७ पौंड जादा. हा आकडा कोडमधल्या आकड्याशी जुळतो तो योगायोगाने, पण लक्षात ठेवायला सोपा आहे.

याहून जड कोडही आहेत. बीआर म्हणजे पहिल्या पौंडापासून सरसकट २० टक्के, करमुक्त रक्कम शून्य. ०टी म्हणजेही करमुक्त रक्कम शून्य. मालकाला नव्या नोकराची काहीच माहिती मिळाली नाही तर तो ०टी लावतो. वरच्या मुलीला यातला कुठलाही कोड लागला तर दरमहा ५०० पौंड जातील.

मग कुठला कोड लागणार हे ठरते कशावरून? दोन कागदांवरून. आधीची नोकरी सोडताना जुना मालक पी४५ देतो. त्यात वर्षभरात किती कमावले आणि किती कर गेला ते लिहिलेले असते. तो नव्या मालकाला दिला की हिशेब तिथून पुढे चालू राहतो. पी४५ नसेल, आणि भारतातून नव्याने गेलेल्याकडे तो नसणारच, तर स्टार्टर चेकलिस्ट भरून द्यायची. तिच्यात तीन विधाने असतात, त्यांतले एक निवडायचे. ए म्हणजे ६ एप्रिलनंतरची ही माझी पहिलीच नोकरी, आणि करपात्र सरकारी भत्ता किंवा पेन्शनही मी घेतलेली नाही. मग साधा १२५७एल लागतो. बी म्हणजे या वर्षात आधी दुसरी नोकरी होती, आता नाही. मग एम१ किंवा डब्ल्यू१. सी म्हणजे दुसरी नोकरी अजून चालू आहे किंवा पेन्शन मिळते. मग बीआर.

आमच्या पाहण्यात जे घोळ आले त्यांतले बरेचसे या एका पानावरचे. मुले घर शोधण्याच्या आणि बँकेत खाते उघडण्याच्या धांदलीत असतात. एचआरकडून आलेल्या दहा ई-मेलांत ही चेकलिस्ट मागे पडते. पगाराची तारीख येते, माहिती नसते, ०टी लागतो. म्हणून घरच्यांनी मुलांना दोनच प्रश्न विचारावेत. चेकलिस्ट भरलीस का, आणि कुठल्या विधानावर खूण केलीस? नॅशनल इन्शुरन्स नंबर अजून आला नाही म्हणून चेकलिस्ट अडवून ठेवू नये. काम करण्याचा हक्क असेल तर नंबर येण्याआधीही नोकरी सुरू करता येते, तो मागाहून कळवता येतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कर कमी जावा म्हणून दोन्ही नोकऱ्यांत ए वर खूण करण्याचा सल्ला मित्रमंडळींत फिरत असतो. तो ऐकू नये. करमुक्त रक्कम दोनदा वापरली जाते आणि पुढे एचएमआरसी फरक वसूल करते. शनिवार-रविवारी दुकानात आणि मधल्या दिवशी गोदामात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या ठिकाणी बीआर लागणे नियमाला धरूनच आहे. दोन्हींची वर्षाची बेरीज १२,५७० च्या आत राहणार असेल तर एचएमआरसीला तसा अंदाज कळवून सवलत दोन्हीकडे वाटून घेता येते.

चुकीचा कोड लागलाच तर? एकदा पगार निघाला की नवा कोड बहुधा एचएमआरसीकडूनच यावा लागतो, तेव्हा पगार विभागावर चिडून उपयोग नाही. मुलाने सरकारी संकेतस्थळावर आपले पर्सनल टॅक्स अकाउंट उघडावे किंवा एचएमआरसीचे ॲप घ्यावे. त्यात मालकाचे नाव, नोकरी लागल्याची तारीख आणि वर्षाचा अंदाजी पगार बरोबर आहे का ते बघावे, नसेल तर दुरुस्त करावे. फोनही करता येतो, पण मुलाच्या वतीने इथून बापाने केलेला फोन चालत नाही. अधिकृत परवानगीशिवाय ते कुणाशी बोलत नाहीत, आणि आम्हा बँकवाल्यांना त्यात काही गैर वाटत नाही.

दुरुस्त कोड मालकाकडे पोहोचला की परतावा पुढच्या पगारातच येतो, वेगळा अर्ज लागत नाही. वरच्या मुलीचा कोड जानेवारीच्या पगाराआधी सुधारला, तर एम१ खाली तीन महिन्यांत कापलेले सुमारे ८७१ पौंड जानेवारीच्या पगारात परत येतील आणि त्या महिन्याचा करही कापला जाणार नाही. हा बोनस आहे असे समजून मुले खर्चाचे बेत आखतात. तो त्यांचाच पैसा असतो, आणि फेब्रुवारीपासून कर पुन्हा सुरू होणार असतो.

वर्ष संपेपर्यंत दुरुस्ती झाली नाही तरी पैसे बुडत नाहीत. मालक ३१ मेपर्यंत पी६० देतो, त्यात वर्षाचा एकूण पगार आणि कर असतो. पुढे एचएमआरसी हिशेब जुळवून पी८०० नावाचे पत्र पाठवते. त्यात परतावा निघाला तर तो पत्रात सांगितलेल्या मार्गाने मागावा, आपोआप खात्यात येईल असे धरून बसू नये. पत्ता बदललेला असेल तर पत्र जुन्या खोलीवर जाते, म्हणून पत्ता कळवत राहावे. मागणी करायला कर-वर्ष संपल्यापासून चार वर्षे मिळतात. २०२२-२३ चा परतावा ५ एप्रिल २०२७ पर्यंत मागता येतो.

नॅशनल इन्शुरन्सची कपात मात्र यात धरू नये. महिन्याला १,०४८ पौंडांच्या वरच्या पगारावर ती ८ टक्के असते, २,५०० वर सुमारे ११६ पौंड. ती प्रत्येक पगारापुरती स्वतंत्र मोजतात, त्यामुळे टॅक्स कोड सुधारला तरी ती परत येत नाही. पे-स्लिपवर कर, इन्शुरन्स आणि पेन्शन अशा तीन कपाती वेगवेगळ्या वाचाव्यात. घरचे तिघांची बेरीज करून 'कर' म्हणतात, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

परताव्याच्या नावाखाली फसवणूकही चालते. "तुमचा टॅक्स रिफंड मंजूर झाला, लिंकवर कार्डाचा नंबर भरा" असा मेसेज एचएमआरसीचा नसतो. काही एजंट हेच काम करून देतात आणि परताव्यातला मोठा हिस्सा ठेवून घेतात. साध्या पगारदाराला त्यांची गरज नाही, सरकारकडे थेट मागायला फी पडत नाही.

वर्षाच्या मध्येच कायमचे परत येणाऱ्यांचा परतावा बऱ्याचदा निघतो, कारण उरलेल्या महिन्यांची करमुक्त रक्कम वापरलेलीच नसते. त्यासाठी पी८५ हा फॉर्म भरायचा आणि पी४५ जपून ठेवायचा. देश न सोडता नोकरी सुटली आणि चार आठवडे काम नसेल तर पी५० आहे. इथे आम्ही बँकेच्या अनुभवावरून एक सांगतो. परत येताना तिथले खाते लगेच बंद करू नका. परतावा पौंडांच्या चेकने इथल्या पत्त्यावर आला, तर तो कलेक्शनला पाठवावा लागतो, आठवडेच्या आठवडे जातात, चार्जेस कापले जातात, आणि काही बँका परदेशी चेक स्वीकारतच नाहीत. शंभर-दीडशे पौंडांच्या चेकसाठी ही यातायात परवडत नाही. खाते चालू ठेवावे, परतावा तिथे जमा होऊ द्यावा, मग सगळी रक्कम एकदम इकडे पाठवून खाते बंद करावे.