आधी खाड्या मोजा

कोकण किनाऱ्याने गाडी घेऊन जायचं ठरलं की बहुतेक घरांत नकाशावर दोन टोकं पकडली जातात. अलिबाग इकडे, मालवण तिकडे. मधल्या अंतराला सहा दिवसांनी भागायचं. रोजचे ऐंशी-शंभर किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, आणि प्रत्येक दिवसात दोन देवळं, एक किल्ला, तीन किनारे कोंबले जातात. मग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे दाभोळच्या धक्क्यावर गाड्यांच्या रांगेत उभे असतात. पलीकडे गुहागरला खोलीचे पैसे आगाऊ भरलेले, मुलं भुकेली आणि सूर्यास्त गाडीच्या काचेतून उरकलेला.

भागाकार बरोबर असतो, माप चुकलेलं असतं. या किनाऱ्यावर दिवस खाड्यांनी आणि भरती-ओहोटीने मोजावा लागतो. ते माप हाती आलं की मुक्काम कुठे करायचा, हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

रस्ता वाकडा का जातो

सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या फणीच्या दातांसारख्या एकापाठोपाठ एक समुद्राला मिळतात. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल ही त्यांतली ठळक नावं. नद्या लांबीला आखूड, पण मुखाशी रुंद. भरतीचं पाणी त्यांत कित्येक किलोमीटर आत शिरतं. मुंबई-गोवा महामार्ग या नद्या आत, त्या अरुंद असतात तिथे ओलांडतो. किनाऱ्याचा रस्ता मात्र नेमका त्यांच्या मुखाशी येऊन थबकतो.

रेवस ते रेडी असा सागरी मार्ग व्हावा, ही कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांची, ते 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री होते. रस्त्याचे पुष्कळ तुकडे झाले, रेवदंड्यासारख्या ठिकाणी पूलही झाले. मोठ्या खाड्यांच्या मुखाशी मात्र गाडी फेरीबोटीत चढवूनच पलीकडे जाण्याचा रिवाज पडला. उत्तरेकडून येताना अशा चार जागा लागतात: राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ ते जयगड.

फेरी चुकली तर काय होतं, हे आधीच समजून घ्यावं. दाभोळहून धोपावे समोर दिसतं, पाण्यावरून पोचायला काही मिनिटं पुरतात. रस्त्याने तिथेच जायचं तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर गाठावं लागतं, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर. बागमांडल्याला पर्याय आंबेतच्या पुलाचा, तवसाळला भातगावच्या पुलाचा. दोन्ही वळसे आतून, घाटवळणाचे. सुट्टीच्या दिवसांत धक्क्यावर रांग लागते आणि शेवटच्या फेरीची वेळ हंगामाप्रमाणे बदलते. ती वेळ आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारून घ्यावी.

दुपार रस्त्याची

यातून पहिला नियम निघतो: एका दिवसात एकच फेरी. दुसरा नियम तितकाच महत्त्वाचा: ती फेरी दुपारी घ्यायची.

किनाऱ्यावरच्या गावात पाहण्यासारखं जे असतं ते सकाळी आणि संध्याकाळी. पहाटे रापण ओढणारे, बंदरावर लागलेल्या होड्या, नऊपर्यंतचं मऊ ऊन. मग चारनंतर पुन्हा वारा, मासळीचा लिलाव, सूर्यास्त. मधल्या वेळात जांभा तापलेला असतो, वाळूत पाय ठेववत नाही आणि किल्ल्याच्या तटावर सावली नसते. प्रवासाला हाच वेळ द्यावा. साडेदहा-अकराला गाव सोडायचं, दुपारी खाडी ओलांडायची, चारच्या आत पुढच्या गावात सामान टाकायचं. म्हणजे प्रत्येक मुक्कामाची संध्याकाळ मिळते आणि सकाळही मिळते.

वेगाचा अंदाजही याच हिशेबात धरावा. किनाऱ्याचा रस्ता गावांच्या मधून, नारळी-पोफळींच्या गडग्यांना घासत जातो. समोरून एस.टी. आली की कुणीतरी मागे घ्यावंच लागतं. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ. डिसेंबरात सव्वासहाच्या आतबाहेर अंधारतं आणि बिनदिव्यांच्या वळणांवर कडेने गुरं असतात. त्यामुळे अंधारात गाडी चालवायची नाही, हा तिसरा नियम. तो पाळला तर फेरीबोटीची धावपळ आपोआप टळते.

पाऊणकीचं वेळापत्रक

आता भरती-ओहोटी. कोकणातली कितीतरी ठिकाणं पाण्याच्या ठरावीक पातळीलाच पाहता येतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. हरिहरेश्वराची समुद्राकडची प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी होते; भरतीत त्या कातळावर जाणं जिवावर बेततं. हेदवीची बामणघळ याच्या उलट. खडकातल्या त्या अरुंद चिरेत भरतीचं पाणी घुसून उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी भेग पाहून परताल.

भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी म्हणजे आठ पाऊण सहा, तेव्हा भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. द्वादशीला भरती नऊला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. रोज ही वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण महिनाभर आधी तारखा ठरवायला तो पुरतो. नेमकी वेळ त्या दिवशी गावात विचारावी.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. उधाणाच्या दिवसांत ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते, म्हणून सूर्यास्ताला किनारा रुंद आणि फिरायला मोकळा मिळतो. अष्टमीच्या संध्याकाळी तोच किनारा पाण्याखाली आखूड झालेला असतो.

दशमीला निघा

हे सगळं एका आखणीत बसवून पाहू. मुंबईहून निघायचं आणि पहिला दिवस शुद्ध दशमीचा धरायचा.

दशमीला भरती साडेसातला, ओहोटी दीडच्या सुमारास. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह मांडव्याला रो-रो बोटीने उतरलात तर दुपारपर्यंत कुलाबा किल्ला जमतो. मुक्काम मुरूड किंवा नांदगावला, म्हणजे राजपुरी खाडीच्या अलीकडे. एकादशीच्या सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहायचा, दुपारी आगरदांड्याची फेरी आणि संध्याकाळी दिवेआगर. इथे दोन रात्री काढाव्यात. दिवेआगर ते श्रीवर्धन हा समुद्राला लगटून जाणारा रस्ता घाईत संपवण्यासारखा नाही. द्वादशीला ओहोटी तीनच्या सुमारास येते, तेव्हा हरिहरेश्वराची प्रदक्षिणा.

त्रयोदशीला दुपारी बागमांडल्याहून वेसवी. पलीकडे बाणकोटचा किल्ला आणि नाना फडणविसांचं मूळ गाव वेळास. फेब्रुवारी-मार्च असेल तर रात्र वेळासलाच काढायची. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास समुद्रात सोडली जातात. दुपारी धावती भेट देणाऱ्याला रिकामी वाळू दिसते. पिल्लं कधी निघतील हे कुणी सांगू शकत नाही, मुक्काम केला तर दोन संधी मिळतात.

चतुर्दशी आणि पौर्णिमा दापोलीच्या किनाऱ्याला. वेळासहून केळशीला जाताना भारजा नदीसाठी आत वळावं लागतं. पुढे केळशी ते आंजर्ले हा रस्ता पुन्हा समुद्राजवळ येतो. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. पौर्णिमेला ओहोटी साडेपाचला, त्यामुळे मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्त आणि चंद्रोदय दोन्ही मोकळ्या वाळूवर उभं राहून पाहता येतात.

प्रतिपदेला दाभोळची फेरी, मुक्काम गुहागर. वद्य द्वितीयेला भरती दीडच्या आसपास. वेळणेश्वर करून हेदवीला वेळेवर पोचलात तर बामणघळ उसळताना दिसेल. तिथून तवसाळची फेरी घेऊन जयगड आणि संध्याकाळी मालगुंड. केशवसुतांच्या या गावाहून गणपतीपुळे अगदी जवळ आहे, आणि मुक्कामाला मालगुंड जास्त शांत. पुळ्यात संकष्टीला, त्यातही अंगारकीला, खोली मिळणं मुश्कील. तारखा ठरवताना तेही पंचांगातच पाहावं.

इथेच थांबा

या टप्प्याला आठ रात्री होतात. आठवडाच हातात असेल तर वेळास किंवा दापोलीची एक रात्र गाळा, पण मालवण त्यात घुसडू नका. एका सहलीत अर्धा किनारा पुरे. रत्नागिरीत अर्धा दिवस देऊन महामार्गाला लागा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून इथे आणून ठेवलं. 1910 मध्ये बांधलेल्या त्याच्या राजवाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असतं, हेही आखणीत धरावं.

दक्षिणेचा अर्धा वेगळा हिशेब मागतो. रत्नागिरीपासून खाली खाड्यांवर पूल आहेत, गाडीला फेरीबोट लागत नाही. त्यामुळे तिथे मुक्काम कमी आणि लांबलांब ठेवता येतात. पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य करत एक रात्र देवगड किंवा कुणकेश्वरला. विजयदुर्ग तिथूनच जाऊन-येऊन होतो. मग मालवणला दोन रात्री. सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664 साली सुरू झालं. तो नीट पाहायचा तर सकाळची पहिली होडी गाठावी आणि तारकर्ली-देवबागसाठी दुसरा दिवस ठेवावा. शेवटची रात्र वेंगुर्ल्याला, म्हणजे सकाळी शिरोडा-रेडी पाहून तेरेखोलपलीकडे गोव्यात उतरता येतं किंवा आंबोली घाटाने कोल्हापूरला चढता येतं.

महिना, खोली, जेवण

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ. मे महिन्यात आंबा आणि गर्दी एकत्र येतात. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमान्यांमुळे महामार्ग भरतो, मात्र शिमग्याच्या पालख्या पाहायच्या असतील तर ती गर्दी सोसायलाच हवी. पावसाळ्यात किनारा हिरवागार असतो, पण जंजिरा-सिंधुदुर्गाच्या होड्या बंद, समुद्र खवळलेला आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. सुरमईच्या आशेने जुलैत जाणाऱ्याला बर्फातली सुरमई मिळते.

घरगुती मुक्कामात जेवण माणसं मोजून रांधतात. किती जण, शाकाहारी किती, हे सकाळीच कळवा. रात्री आठला पोचून सोलकढी-मासळीचं ताट मागाल तर अंडाकरी मिळेल, आणि दोष यजमानाचा नसेल. खोली घेताना समुद्र दिसतो का, यापेक्षा गाडी दारापर्यंत जाते का हे विचारा. कोकणातल्या कितीतरी वाड्या पाखाडी उतरून खाली असतात आणि आजी-आजोबांना त्या पायऱ्या रोज चारदा चढाव्या लागतात. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा, थोडी रोकड जवळ ठेवा, आणि अनोळखी किनाऱ्यावर स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात शिरू नका. उधाणाच्या दिवसांत तर गणपतीपुळ्यासारख्या गजबजलेल्या किनाऱ्यावरही शिरू नका.

आखणीला बसाल तेव्हा कामाचा क्रम उलटा करा. आधी कालनिर्णय उघडून तिथी लिहा, त्यांच्यापुढे खाड्या मांडा, प्रत्येक खाडीला एक दुपार द्या. त्यावरून मुक्कामाची गावं ठरतील. खोल्या त्यानंतर घ्या. प्रेक्षणीय स्थळांची यादी सगळ्यांत शेवटी, आणि तीही पेन्सिलीने. दर दिवशी दोन नावं उरली तर आखणी जमली समजा.