साडेबाराशेची झाली चवली!

माझी भाची सातवीत आहे. परवा तिला उन्हाळी शिबिराचे पैसे ऑनलाइन भरायचे होते. पत्रकावर छापलं होतं, 'शुल्क रु. १,२५०/-'. तिनं ते जसंच्या तसं अर्जाच्या रकान्यात उतरवलं, टिंबासकट, शेवटच्या रेघेसकट. रकाना लालबुंद झाला. खाली उमटलं, 'योग्य रक्कम भरा'.

"मामा, यात अयोग्य काय आहे?"

काहीच नाही! हीच चिठ्ठी वाण्याला दिली असती, तर त्यानं मुकाट्यानं साडेबाराशे घेतले असते. पण संगणकाला रक्कम दिसलीच नाही. त्याला दिसली अकरा चिन्हांची माळ. मोजून बघा. 'र' एक, त्याचा उकार दुसरा, टिंब तिसरं, मोकळी जागा चौथी… हो, मोकळी जागासुद्धा धरायची.

रकान्यात आपण जे टाइप करतो ती आधी नुसती अक्षरंच असतात. प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये आपला क्रमांक असतो. स्वल्पविरामाचा ४४. इंग्रजी एकचा ४९. आणि आपल्या देवनागरी '१'चा? २४०७! आपण दोघांनाही 'एक'च म्हणतो, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं. पायथन ही संगणकभाषा देवनागरी आकडे समजून घेते. वेबपानांच्या आत चालणारी जावास्क्रिप्ट मात्र हात वर करते, 'हा आकडाच नव्हे'.

भाची वैतागली. मी म्हटलं, "अगं, लाल झाला ते बरंच झालं. गप्प बसला असता तर?"

जावास्क्रिप्टकडे अक्षरांचा आकडा करायचं एक साधन आहे. ते डावीकडून वाचत जातं आणि न कळणारं चिन्ह आलं की तिथंच थांबतं. समजा इंग्रजी आकड्यांत स्वल्पविरामासह साडेबाराशे लिहिले. एक वाचला, स्वल्पविराम आला, थांबलं. रक्कम किती? एक रुपया! ना लाल रंग, ना तक्रार.

मग कुणी हुशार प्रोग्रामर म्हणतो, आकडे आणि दशांशाचं टिंब सोडून बाकी सगळं पुसून टाकू. आता 'रु. १,२५०/-' इंग्रजी आकड्यांत लिहा आणि पुसा. 'रु' गेला, स्वल्पविराम गेला, रेघा गेल्या. उरलं काय? 'रु.'मधलं टिंब! ते आकड्यांच्या आधी ऐटीत बसलंय. म्हणजे झालं .१२५०. साडेबारा पैसे!

पलीकडे शेंगा सोलत बसलेली आजी म्हणाली, "म्हणजे चवली की!"

भाचीनं विचारलं, "चवली म्हणजे?"

मग आजीचा वर्ग भरला. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. जुना आणा नव्या हिशोबात सव्वासहा पैशांना पडायचा, आणि चवली बरोब्बर साडेबाराला.

इथं मला एक गंमत आठवली. कागदाची लांब पट्टी घ्या. ती म्हणजे एक रुपया. मधोमध घडी घाला, अधेली. पुन्हा घाला, पावली. पुन्हा, चवली. पुन्हा, आणा. संगणकसुद्धा साधारणपणे अपूर्णांक असेच साठवतो, अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं. म्हणून जुना रुपया त्याच्या पोटात चपखल बसला असता. आपले दहा पैसे मात्र बसत नाहीत!

करून बघू. अर्धं करत गेलं की तुकडे मिळतात ५०, २५, १२.५, ६.२५, ३.१२५… यांतून दहा जुळवायचे. ६.२५ आणि ३.१२५ मिळून ९.३७५. पुढचे दोन तुकडे घातले तर दहाच्या वर जातं, म्हणून ते सोडा. त्यानंतरचा घेतला की ९.७६५६२५. आणखी एक, ९.९६०९३७५. दहा काही होत नाहीत, कितीही घड्या घाला. कुठंतरी थांबावंच लागतं, आणि संगणकही थांबतो. म्हणून जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ विचारलं की उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. शेवटचा तो चार पाहून भाची इतकी हसली की शेंगा सांडल्या.

यावर प्रोग्रामरनी काढलेली युक्ती मला फार आवडते. रुपये साठवायचेच नाहीत, पैसे साठवायचे! साडेबाराशे रुपये म्हणजे १,२५,००० पैसे. पूर्ण संख्या, घड्यांची कटकट नाही. टिंब फक्त दाखवताना द्यायचं. पण रुपयांना शंभरानं गुणतानाही सांभाळावं लागतं. १९.९९ गुणिले १०० केलं तर जावास्क्रिप्ट सांगते १९९८.९९९९९९९९९९९९८. टिंबापुढचं छाटलं की एक पैसा गळाला. आणि हे 'गुणिले शंभर' सगळीकडे चालत नाही. कुवेतच्या दिनारात हजार फिल्स असतात, आणि जपानच्या येनचे तर पैशांसारखे भागच चलनात नाहीत.

"मग रकान्यात फक्त आकडेच घेऊ दिले तर?" भाचीनं विचारलं.

तसा खास रकाना असतो. तोही आपला विक्षिप्तच. प्रोग्रामरनं वेगळं सांगितलं नाही, तर ४९.५० हे त्याला चुकीचं वाटतं, कारण तो पूर्ण आकड्यांचीच अपेक्षा धरतो. उलट एक, मग इंग्रजी 'ई', मग तीन असं लिहिलं तर ते चालतं, त्याचा अर्थ हजार! आणि उणे पाचशे? तेही घेतो, कुणी अडवलं नाही तर. शिवाय रकाना आपल्या ब्राउझरमध्ये असतो, त्याचे नियम आपल्याला बदलता येतात. स्वतःचा पेपर स्वतःच तपासण्यासारखं झालं. म्हणून पैसे घेणाऱ्याच्या सर्व्हरवर तीच रक्कम पुन्हा तपासतात.

शिबिराचे पैसे? इंग्रजीत एक, दोन, पाच, शून्य एवढंच लिहिलं, गेले.

"पण मामा, जुना रुपया संगणकात खरंच पूर्ण बसला असता?"

"पै विसरलात," आजी म्हणाली. आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२. भाचीनं अर्धं करायला घेतलं. ९६, ४८, २४, १२, ६, ३…

आता ती पट्टीच्या मधोमध घड्या घालून बरोब्बर तीन भाग करू पाहतेय. अजून झालेले नाहीत.