नळदुर्गचा किल्ला गेममध्ये बांधता येतो? ‘मॉड’ म्हणजे काय, समजून घेऊ या

सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार असते. पोरगं दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेलं. अम्मी ओरडते, अब्बू दुकानातून फोन करतात, तरी ते उठत नाही. पण पडद्यावर नेमकं काय चाललंय, हे सहसा कुणी विचारत नाही. नुसतं खेळणं आणि त्याच गेममध्ये काही बनवणं यात मोठा फरक आहे. तो आईवडिलांना कळला तर ओरडायचं कधी आणि शाबासकी द्यायची कधी, हे ठरवणं सोपं जाईल.

आधी शब्दांचे अर्थ पाहू. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे गाजलेले गेम कंपन्या आता चकाचक करून पुन्हा बाजारात आणतात. खेळ तोच, पण चित्रं स्पष्ट, आवाज सुधारलेला आणि नव्या कॉम्प्युटरवर चालणारा. याला ‘रीमास्टर’ म्हणतात. खेळणाऱ्यांनी त्यात स्वतः तयार करून टाकलेला नवा नकाशा, नवा टप्पा किंवा नवी पात्रं म्हणजे ‘मॉड’. जुन्या वाड्याची डागडुजी मालकाने केली आणि राहणाऱ्यांनी त्यात आपली एक खोली वाढवली, असं समजा.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ‘डूम’ या गेमचं. तो डिसेंबर १९९३ मध्ये आला. तो बनवणाऱ्यांनी गेम चालवणारा प्रोग्रॅम एका बाजूला आणि नकाशे, चित्रं, आवाज वेगळ्या फाइलमध्ये ठेवले होते. त्यामुळे मूळ प्रोग्रॅमला हात न लावता नवा नकाशा जोडता येऊ लागला. पुढच्याच वर्षी चाहत्यांनी नकाशे काढायची साधनं स्वतः तयार केली. अशाच एका गटाने बनवलेले नकाशे ते इंटरनेटवर फुकट देण्याच्या बेतात असताना कंपनीनेच विकत घेतले आणि १९९६ मध्ये ‘फायनल डूम’मध्ये छापील डब्यातून विकले. १९९७ मध्ये गेमचा मूळ कोडही लोकांसाठी खुला झाला. आज तीस वर्षांनंतरही त्याचे नवे नकाशे निघतात. मात्र एक लक्षात ठेवा, हा गेम रक्तपाताचा आहे, लहान मुलांसाठी नाही.

आपल्या मुलांना जास्त जवळचा वाटेल तो ‘एज ऑफ एम्पायर्स २’. १९९९ चा हा गेम. शेती करा, लाकूड तोडा, किल्ला बांधा, सैन्य उभं करा, असा त्याचा डौल. यात नकाशा बनवण्याचं साधन पहिल्यापासूनच होतं. काही चाहत्यांनी मिळून ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाचा मॉड केला. तो इतका चांगला निघाला की २०१३ मध्ये ‘द फरगॉटन’ या नावाने तो अधिकृत भाग म्हणून बाजारात आला. त्याच चमूने पुढे कंपनी काढली आणि २०१९ च्या नव्या आवृत्तीच्या कामातही ती होती. म्हणजे हौसेने सुरू झालेलं काम रोजीरोटी झालं.

२०२२ मध्ये या गेमचा भारतावरचा भाग आला. त्यात हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली, द्रविड अशी राज्यं आहेत. आपल्या दख्खनच्या बहमनी किंवा आदिलशाहीचं वेगळं राज्य मात्र त्यात नाही. कंपनी ते कधी करेल, याची वाट पाहत बसायची गरजही नाही. नकाशा बनवायचं साधन गेमसोबतच मिळतं.

आपल्या तुळजापूर तालुक्यातला नळदुर्गचा किल्ला घ्या. बोरी नदी, उंच उपळी बुरूज, पाकळ्यांसारखा नवबुरूज, शेजारचा रणमंडळ आणि दोन्ही किल्ल्यांना जोडणारा बंधारा. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास हा बंधारा झाला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात त्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, ते पाहायला आपण सगळेच जातो.

हे गेममध्ये आणायचं तर मुलाला किंवा मुलीला काय करावं लागेल? आधी जमीन उंच-सखल करायची, नदी काढायची, मग तट आणि दरवाजे ठेवायचे. बंधाऱ्यासारखी तयार वस्तू मिळाली नाही तर भिंत आणि पाणी जुळवून तसा भास निर्माण करायचा. त्यानंतर खरं डोकं लागतं ते ‘ट्रिगर’ला. ‘सैनिक या दरवाज्यापाशी पोचला तर ही सूचना दाखव’, अशी अट आणि तिचा परिणाम लिहायचा. प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा हाच असतो. शिवाय किल्ल्याचा आराखडा समजून घ्यायचा तर पुस्तक उघडावं लागतं, जागेवर जाऊन पाहावं लागतं. इतिहास, भूगोल आणि तर्क तिन्ही एकाच कामात येतात.

पण यात एक गाठ आहे, ती हक्काची. मेहनत मुलाची, मालकी कुणाची? ‘वॉरक्राफ्ट ३’ या २००२ च्या गेममध्ये चाहत्यांनी बनवलेल्या नकाशातून ‘डोटा’ जन्मला आणि पुढे दुसऱ्याच कंपनीने त्यावर मोठा गेम काढला. जानेवारी २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ नव्या रूपात आला, तेव्हा खेळाडूंनी बनवलेले नकाशे कंपनीच्याच मालकीचे, अशी अट होती. ऑगस्ट २०२४ च्या नव्या ‘डूम’मध्ये मॉड शोधायची सोय गेममध्येच दिली, तर काहींनी दुसऱ्यांचं काम न विचारता तिथे चढवलं. खरे करणारे नाराज झाले, आणि ते रास्तच होतं.

म्हणून घरात चार गोष्टी पाळा. गेम विकतचा असू द्या. चोरीच्या कॉपीसोबत व्हायरस येतो, आणि अधिकृत मॉडची सोय सहसा मिळत नाही. विकत घेण्याआधी आपल्या कॉम्प्युटरवर तो चालेल का, हे पाहा. मॉड गेमच्या आतल्या किंवा अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. गेमच्या डब्यावर वयाची खूण असते, ती मॉडला लागू नसते, तेव्हा मॉड एकदा स्वतः बघा. मुलाने काही बनवलं तर त्याची कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवा आणि अटी वाचूनच ते चढवा. दुसऱ्याचं काही वापरलं तर त्याची परवानगी आणि त्याचं नाव दोन्ही हवं.

वेळेची मर्यादा तर हवीच. बनवणारं पोरगंही रात्रभर जागलं तर अभ्यासाचं नुकसान होणारच. पण पुढच्या वेळी ओरडण्याआधी शेजारी बसून एवढं विचारा: ‘बेटा, हे तू बनवलंस का? मला दाखव बरं.’