शेतावरील पाहुणे आणि यजमानाच्या दायित्वाचा विमा

शेतावर पाहुणे उतरवून चार पैसे मिळविण्याचा जोडधंदा आपल्या राज्यात रूढ होत चालला आहे. सन २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून त्यास नोंदणीची सोयही झाली. धंदा चांगला खरा; परंतु घरचा पाहुणा व द्रव्य घेऊन उतरविलेला पाहुणा यांत कायदा मोठा भेद करतो, तिकडे शेतकरीबंधूंचे लक्ष जावे तितके गेलेले नाही.

सोयरा ओसरीवरून घसरला तर हळद लावून भागते. भाडे देणारा मात्र ग्राहक होय. विहिरीस कठडा नसल्याने अपघात झाला, शेततळ्याच्या निसरड्या प्लास्टिकवरून मूल आत गेले, अथवा जेवणातून विषबाधा झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तो भरपाई मागू शकतो. (सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, कठड्याची नसते!) पूर्वीच्या १९८६ च्या कायद्याखाली अशी रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे येई, त्या वसुलीचा अर्थ काय, हे तहसील कचेरीत आयुष्य घालविलेल्या प्रस्तुत लेखकास पुरते ठाऊक आहे. आता आयोगाच्या आदेशाची बजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे होते. म्हणजे जप्तीची पाळी जमिनीवरही येऊ शकते.

१९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आपणांस लागू आहे, असा कित्येकांचा समज दिसतो. तो कायदा भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर, घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी झाला. पाहुणे उतरविणाऱ्यावर त्याने सक्ती होत नाही. इतरत्र अशी सक्ती आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात अल्प मुदतीने घर भाड्याने देणाऱ्याजवळ निदान ५ लाख डॉलरचा दायित्व विमा, किंवा ज्या कंपनीमार्फत पाहुणे येतात तिचे तितके संरक्षण, असावे असा नियम आहे.

आपल्याकडे विमा कंपन्या बिगर-औद्योगिक सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी देतात. तीत दोन रकमा पाहाव्या: एका अपघातास किती, व वर्षभरात एकंदर किती. पोहण्याचा तलाव व अन्नातून होणारी बाधा ही बहुधा जादा हप्ता भरून जोडून घ्यावी लागतात. हुरड्याच्या पंगती घालणाऱ्याने तर दुसरी विसरूच नये. गडीमाणसांस झालेली इजा तीत येत नाही. तिच्यासाठी कर्मचारी भरपाईचा विमा निराळा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाहुणे बसवून शिवार दाखविण्याची हौस मात्र सोडावीच. ट्रॅक्टरचा विमा सामान्यतः शेतीकामापुरता, आणि दायित्वाच्या पॉलिसीतून वाहनांचे अपघात वगळलेले. दोन्हीकडून हात रिकामे.

प्रस्तावपत्रात धंदा नुसता ‘शेती’ लिहू नये. खोल्या, विहीर, शेततळे, जनावरे, सर्व लिहून द्यावे. लपविलेली गोष्ट नेमकी दाव्याच्या वेळी बाहेर येते. अपघात घडताच कंपनीस लेखी वर्दी द्यावी, आणि भिडेखातर परस्पर पैसे देऊन तडजोड करू नये; संमतीवाचून दिलेली रक्कम भरून देण्यास कंपनी नकार देऊ शकते.